साखरेचा उजेड

काशीत ज्ञान कुणाकडूनही घ्यावं असा शिरस्ता आहे. नावाड्याकडून नदीचं घ्यावं, पानवाल्याकडून राजकारणाचं घ्यावं, आणि मणिकर्णिकेवर लाकडं तोलणाऱ्याकडून काय घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. पण सुनेकडून रसायनशास्त्र शिकावं असं कुठल्या पोथीत लिहिलेलं दूधविनायक मोहल्ल्यातल्या ढुंढिराज आठल्ये यांना आढळलं नव्हतं. पोथ्या त्यांनी फारशा चाळल्या होत्या अशातला भाग नाही. पण एका इंटर कॉलेजात बत्तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला काही गोष्टी न वाचताही कळतात.

भानगड सुरू झाली ती मुलाच्या लग्नात. सुश्रुत रेल्वेत इंजिनियर, कायम दौऱ्यावर; आणि त्याने स्वतःच पसंत केलेली मुलगी अल्मोड्याची, हिमानी पंत. हे पंत लोक मूळचे कोकणातले, आठ-नऊशे वर्षांपूर्वी यात्रेला म्हणून निघाले ते हिमालयातच राहिले, असं ते स्वतःच सांगतात. त्यामुळे 'मुलगी बाहेरची' ही कुजबुज गल्लीत सुरू व्हायच्या आतच ढुंढिराजांनी मिटवली. "आपल्यातलेच आहेत हो," ते ज्याला-त्याला सांगत, "फक्त परतीची गाडी चुकली."

हिमानी काशीतच विद्यापीठात पीएचडी करत होती, आणि तीही रसायनशास्त्रात. पंगतीत व्याही पंतजी ढुंढिराजांच्या शेजारी बसले होते. जंगलखात्यातून निवृत्त झालेला सरळ माणूस. त्यांनी विचारलं, "समधीजी, आप तो केमिस्ट्री के आदमी हैं. हमें समझाइए, यह लड़की दिनभर करती क्या है?"

हिमानीनेच सांगितलं. साखर एका ठरावीक तऱ्हेने करपवली की तिच्यातून कार्बनचे कण निघतात. इतके बारीक, की एका केसाच्या जाडीत दहाबारा हजार ओळीने उभे राहतील. त्यांना म्हणायचं कार्बन डॉट्स. जांभळा दिवा त्यांच्यावर धरला की ते स्वतः उजेड देतात. कुणाला निळा, कुणाला हिरवा.

ढुंढिराजांनी हे आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. त्यांच्या पुस्तकात साखर करपली की कोळसा होत असे, आणि कोळसा उजेड द्यायचा तो पेटल्यावर. पण समोर जिलबी वाढली जात असताना वरपित्याने 'हे मला ठाऊक नाही' म्हणायची आपल्यात पद्धत नाही. ते म्हणाले, "अरे, ये तो घर में हो जाता है!"

पंतजींनी हात जोडले. "तो संक्रांत पर हम गंगा नहाने आ ही रहे हैं. तब दिखाइएगा."

हिमानी म्हणाली, "सच, बाबा?" तिच्या डोळ्यांत जो आदर उमटला, तो बत्तीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याच्या डोळ्यांत ढुंढिराजांना दिसला नव्हता. आता तो टिकवणं भाग होतं.

संक्रांतीला दीड महिना होता. ज्या घरात या विषयाची जाणकार दोन वेळा जेवते, त्या घरातल्या माणसाने तिला चार प्रश्न विचारले असते तर काम तिथेच झालं असतं. पण मग पंगतीतल्या त्या वाक्याचं काय? हिमानी रोज संध्याकाळी घरी आली की चपला काढता काढता विचारायची, "बाबा, कहाँ तक पहुँचा?" आणि ढुंढिराज म्हणायचे, "चालू आहे." पेन्शनच्या फाइलीमागे हिंडताना हे उत्तर त्यांनी इतक्या खिडक्यांवर ऐकलं होतं की ते त्यांना अगदी बिनचूक जमायचं.

पहिला प्रयोग त्यांनी बायकोच्या स्वयंपाकघरात केला. तो चार मिनिटं चालला. पाचव्या मिनिटाला घरात धूर, कढईत डांबर आणि दारात सुनीतीबाई होत्या.

इथे सुनीतीबाईंच्या बाजूनेही दोन शब्द बोलले पाहिजेत. सुनेची पहिली संक्रांत, आणि दूधविनायकात संक्रांतीचा काटेरी हलवा घरी करणारी बाई आता त्या एकट्याच उरल्या होत्या. बाकीच्या पुण्याहून डबे मागवायच्या. मंद आचेवर परातीत तीळ घ्यायचे, त्यावर पाकाचे चार थेंब टाकायचे, बोटांनी हलवत बसायचं. वाळले की पुन्हा चार थेंब. असं दिवसचे दिवस, तेव्हा कुठे तिळाला काटा फुटतो. मग त्या दाण्यांचे दागिने गुंफायचे, आणि काळी साडी नेसलेल्या सुनेने ते हळदीकुंकवाला घालायचे. या कामात वारा चालत नाही, घाई चालत नाही, आणि शेजारच्या शेगडीवर नवरा तर मुळीच चालत नाही.

"संक्रांत होईपर्यंत इकडे फिरकायचं नाही," सुनीतीबाई म्हणाल्या. मग पाझर फुटून त्यांनी लोणच्याच्या तीन रिकाम्या काचेच्या बरण्या दिल्या. "आणि या धुवायच्या तुमच्या तुम्ही."

ढुंढिराजांनी गच्चीवर प्रयोगशाळा थाटली. बरण्या त्यांनी स्वतः धुतल्या. कपड्यांची पावडर घेतली, ज्या पावडरीने त्यांची धोतरं बगळ्यासारखी होत, तीच, चांगली मूठभर. एकदा पाणी फिरवलं आणि उन्हात पालथ्या घातल्या. आयुष्यात पहिल्यांदाच भांडं धुतल्यामुळे त्यांना बराच वेळ समाधान वाटत राहिलं.

पाण्याचा प्रश्न निघाला. शुद्ध पाणी हवं, म्हणून त्यांनी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ती पाण्याची बाटली आणली. शेजारचे उल्हासराव खेर हे बघत होते. ते बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालेले, आणि दुसऱ्याच्या कामावर देखरेख करायची सवय न सुटलेले.

"हे पाणी गंगाजलापेक्षा शुद्ध म्हणतोस तू?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाला पुण्यात किंवा नागपुरात एका शब्दात उत्तर देता येतं. काशीत, गल्लीतल्या चार गच्च्यांवरून लोक ऐकत असताना, देता येत नाही. "गंगाजल मोक्षाला," ढुंढिराज जपून म्हणाले, "हे बॅटरीला." समोरच्या गच्चीवरून कुणीतरी 'हर हर महादेव' म्हणालं आणि प्रकरण मिटलं.

मग सल्ले सुरू झाले. कोपऱ्यावरच्या हलवायाने सांगितलं, "मास्टरसाब, चीनी का काम है, हमसे पूछिए. एक तार आवे, तुरंत उतार लीजिए. एक मिनट ऊपर गया, माल गया." पहिल्या कढईने धसका घेतलेल्या ढुंढिराजांना हे इतकं पटलं की त्यानंतर त्यांच्या हातून साखर कधी तांबूससुद्धा झाली नाही. एकतारी आली की कढई खाली. पाक असा होई की त्यात गुलाबजाम सोडावेत. एका खेपेला तर माकडाने सोडलेच. म्हणजे गुलाबजाम नव्हे, स्वतःचा हात. गरम पाकात हात घालून ते माकड जे केकाटलं, त्याचा राग त्याने दोरीवरच्या दोन धोतरांवर आणि एका टोपीवर काढला. त्यानंतर त्याचे नातलग आठवडाभर कठड्यावर बसून ढुंढिराजांकडे संशयाने बघत होते.

कुठल्याशा व्हिडिओत सांगितलं होतं की चिमूटभर युरिया घातला की उजेड वाढतो. ढुंढिराज रिक्षा करून शहराबाहेरच्या खताच्या दुकानात गेले.

"केतना बोरा?" दुकानदाराने पोत्यांकडे हात करून विचारलं.

"दस ग्राम."

दुकानदाराने आतून भावाला बोलावलं, दहा ग्रॅमचं गिऱ्हाईक बघायला. "आधार लाइए, अँगूठा लगाइए," तो म्हणाला. "खेत केतना है?"

"खेत नहीं है."

"त यूरिया का करिएगा?"

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने बोलू नये तेच ढुंढिराज बोलले. "चीनी में मिलाएँगे."

दुकानदाराने भावाकडे पाहिलं. बाकावरचा एक शेतकरी शेजाऱ्याला म्हणाला, "दूध में मिलावत त सुने रहे भइया." ढुंढिराजांनी घाईघाईने यंत्रावर अंगठा ठेवला. यंत्राने नकार दिला. पुन्हा ठेवला, पुन्हा नकार. बत्तीस वर्षं खडू धरून त्यांचा अंगठा इतका गुळगुळीत झाला होता की सरकारच्या लेखी तो आता कुणाचाच नव्हता. ज्या अंगठ्याने नऊ हजार मुलं पास केली, त्याला दहा ग्रॅम खत मिळालं नाही. परतीच्या रिक्षात ते अंगठा बघत बसले. रिक्षावाला बोलत होता.

खताच्या दुकानातली गोष्ट रातोरात पसरली असावी. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला रामलखन दारात कॅन आपटून उभा राहिला. "मास्टरसाब, हमरे दूध पर शक बा त मुँह पर कहीं. यूरिया के जाँच-पड़ताल काहे करत हईं?"

ढुंढिराजांनी त्याला सगळं समजावलं. साखर, कण, केसाची जाडी, जांभळा दिवा. रामलखनने मन लावून ऐकलं.

"त चमकी?"

"चमकी."

"पियल जाई?"

"ना."

"त का फायदा?"

असा थेट प्रश्न हिमानीच्या गाईडनेही तिला कधी विचारला नसेल. मात्र मास्टरसाब काहीतरी तपासणी करतात ही भीती रामलखनच्या मनात बसली ती बसलीच. त्या महिन्यात आठल्यांकडे जे दूध आलं त्यावर साय अशी धरायची की सुनीतीबाई म्हणाल्या, "तुमच्या प्रयोगातून काहीतरी निघालं म्हणायचं."

दिवा उल्हासरावांनी दिला. नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यांनी निवृत्तीनंतर हौसेने विकत घेतला होता, आणि तो हातात असला की त्यांना पुन्हा खुर्चीवर बसल्यासारखं वाटे. भोगीच्या आदल्या दिवशी दोघं गच्चीवरच्या अडगळीच्या खोलीत शिरले. दार लावलं. उल्हासरावांनी दिवा लावला आणि बरणीवर धरला.

बरणी निळी उजळली.

बरणीच्या आत, कडेला, तळाशी, स्वच्छ निळा उजेड होता. ढुंढिराजांनी बरणी फिरवून सगळ्या बाजूंनी बघितली. शेवटी ते म्हणाले, "उल्हास, हे मी केलं."

"तूच केलंस," उल्हासराव म्हणाले. त्या दिव्यात त्यांचे दात, ढुंढिराजांचं धोतर आणि कोपऱ्यातली जुनी चादर हेही निळं चमकत होतं. पण त्या क्षणी दोघांनाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

इथे थांबले असते तर ही गोष्टही इथेच संपली असती. पण आपल्यासारख्या माणसांना अपयश पचवायची सवय असते. यश आलं की त्याचं काय करायचं ते कळत नाही. भोगीच्या दिवशी दुपारी सुनीतीबाई रामघाटावरच्या घरांतून हळदीकुंकवाची बोलावणी करायला गेल्या. माजघरात ताटामध्ये मलमलीखाली हलव्याचे दागिने मांडलेले होते: हार, तोडे, बाजूबंद, बिंदी, कंबरपट्टा. ढुंढिराज पाणी प्यायला आले, त्यांनी ताट पाहिलं, आणि त्यांना कल्पना सुचली.

उद्या खोलीत अंधार करायचा. दिवा लावायचा. आणि काळ्या साडीतली सून निळ्या दागिन्यांनी झगमगून उठेल. पंतजी बघतील. सुनीतीची कला आणि आपलं शास्त्र, दोन्ही एका गळ्यात. कल्पना इतकी सुंदर होती की तिला चूक असण्याचा अधिकारच नव्हता.

सुश्रुतच्या लहानपणच्या रंगपेटीतला मऊ ब्रश त्यांनी शोधून काढला. बरणीतलं द्रव्य एका दाण्याला लावून लगेच दिव्याखाली धरलं. दाणा चमकला! मग त्यांनी हार रंगवला, तोडे रंगवले, सगळं रंगवलं. कसर नको म्हणून दुसरा हात दिला. आणि उल्हासरावांना बोलवायला गेले. उल्हासराव भोगीची भाजी आणि बाजरीची भाकरी जेवत होते. त्यांनी "बस, बस" केलं, लोण्याचं कौतुक झालं, थंडीचं झालं. अर्ध्या-पाऊण तासाने दोघं माजघरात आले.

ताटात दोरे होते. तीळ होते. मध्ये गोड पाण्याचं तळं होतं.

साखर पाण्यात विरघळते, हे ढुंढिराजांनी बत्तीस वर्षं, दर जुलैत, पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. प्रयोगासकट. कॉलेजात कधीही न फसलेला तो एकच प्रयोग, आणि तो आजही फसला नव्हता.

"मला वाटतं माझा ताक-भात राहिलाय," उल्हासराव म्हणाले, आणि दिवा तिथेच ठेवून गेले.

सणामुळे लॅब लवकर सुटली होती. हिमानी दारातून आत आली ती थेट या देखाव्यासमोर. सासरे जमिनीवर बसलेले, मांडीवर ताट, हातात ब्रश. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं, असं ढुंढिराजांना वाटलं.

तिने बरणी उचलली, दिवा लावून बघितली, आणि अगदी हळू विचारलं, "बाबा, ब्लैंक लिया था?"

"म्हणजे?"

"मतलब, ह्याच बरणीत नुसतं पाणी घालून बघितलं होतं? बिना सैंपल के?"

बघितलं नव्हतं. हिमानीने गच्चीवरून एक धुतलेली रिकामी बरणी आणली, तिच्यात बॅटरीचं पाणी घातलं, दिवा धरला. बरणी निळी उजळली. अगदी तशीच. थोडी जास्तच.

तिने बरणीचा वास घेतला. "कपड़े वाला पाउडर?" मग अपराध्यासारखा चेहरा करून म्हणाली, "उसमें सफेदी लाने वाली चीज़ होती है, बाबा. वही चमकती है."

म्हणजे दीड महिना ढुंढिराजांनी साबण तपासला होता. आणि बायकोची दीड महिन्याची मेहनत त्या साबणाने धुऊन काढली होती.

सुनीतीबाई आल्या. त्यांनी ताट पाहिलं, ब्रश पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं. "बत्तीस वर्षं शिकवलंत ना हो तुम्ही?" एवढंच त्या म्हणाल्या, आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

ढुंढिराज गच्चीवर जाऊन बसले. आकाशात पतंग होते, खाली गल्लीत पोरं पतंग कटला की 'भक्काटा' ओरडत होती. उद्या सकाळच्या गाडीने व्याही येणार होते. शब्द गेला, दागिने गेले, आणि सुनेच्या डोळ्यांतला तो आदरही गेला असणार. तोच सगळ्यात जास्त लागला.

हिमानी वर आली आणि शेजारी कठड्याशी टेकली.

"मला येत नाही गं हे," ढुंढिराज म्हणाले. "पंगतीत म्हणालो तेव्हाही येत नव्हतं. नावसुद्धा ऐकलं नव्हतं." मग अंगठ्याच्या टोकाकडे बघत म्हणाले, "मला शिकवतेस?"

"मेरा भी आठ महीने नहीं बना था, बाबा," हिमानी म्हणाली. "रोज़ हॉस्टल में रोती थी." मग ती उभी राहिली, ओढणी खोचली आणि एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, "चलिए. पहले बर्तन."

मोरीपाशी ढुंढिराज पाटावर बसले. बरणी घासायची, पाणी फिरवायचं, हिमानीला दाखवायची. ती दिवा धरायची आणि म्हणायची, "अजून." पुन्हा घासायची. "अजून." राख लावली, लिंबाचं साल लावलं, नुसत्या पाण्याने धुतली. "कड़ाही भी." सातव्या खेपेला दिव्याखाली बरणी काळीकुट्ट राहिली. इतक्या वर्षांत ढुंढिराजांनी अनेक मुलांना 'पुन्हा कर' म्हटलं होतं. ते ऐकायला कसं वाटतं हे त्यांना मोरीपाशी कळलं.

सुनीतीबाईंचं दार बंदच होतं, त्यामुळे स्वयंपाकघर मोकळं होतं. साखर, थोडं पाणी, लिंबाचा रस. पाकाला तार आली, ढुंढिराजांचा हात सवयीने कढईकडे गेला. "रुकिए," हिमानी म्हणाली. साखर सोनेरी झाली. "रुकिए." तांबूस झाली, वास बदलला. "हिमानी, जळेल!" "जलने दीजिए, बाबा. जलेगी तभी तो बनेगा." बिनदुधाच्या चहासारखा रंग आल्यावर तिने गॅस बंद केला, पाणी ओतलं, चिमूटभर खायचा सोडा घातला, कापसातून गाळलं. आणि त्या गडद काढ्यातले मोजके थेंब बरणीभर स्वच्छ पाण्यात टाकले.

"इतकं पातळ?" ढुंढिराजांना राहवेना.

"गाढ़ा रखो तो अपनी रोशनी खुद ही पी जाता है."

दिवा लावला. या खेपेचा उजेड भडक नव्हता. हिरवट निळा, पाण्याच्या आतून येणारा, जरा भित्रा. शेजारी नुसत्या पाण्याची बरणी काळी होती. ढुंढिराजांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

दुसऱ्या दिवशी पंतजी आणि त्यांची पत्नी आली, गंगास्नान झालं, खिचडी झाली. सुनीतीबाई सगळ्यांशी बोलत होत्या, फक्त नवऱ्याशी सुनेमार्फत. "सूनबाई, त्यांना विचार पापड हवाय का." दुपारी हळदीकुंकवाला बायका जमल्या. काळ्या साडीतली हिमानी दागिन्यांशिवाय बसलेली पाहून पहिल्या दोघींच्या भुवया वर गेल्या. तेवढ्यात हिमानीच्या आईने पिशवीतून एक माळ काढली. गुळाच्या कणकेचे तळलेले वेढे, दोऱ्यात ओवलेले. त्यांच्या डोंगरात संक्रांतीला मुलांच्या गळ्यात हे घुघुते घालतात, आणि मुलं सकाळी कावळ्यांना हाका मारून ते खाऊ घालतात. लेक मोठी झाली तरी आईने माळ चुकवली नव्हती. ती हिमानीच्या गळ्यात पडली. हे चालतं का, यावर बायकांत खल सुरू झाला. सुनीतीबाईंनी निकाल दिला, "गोड आहे, गळ्यात आहे, आईने आणलंय. चालतं." हलव्याऐवजी नुसते तीळ तेवढे त्यांनी बायकांच्या हातावर ठेवले.

मग पंतजींनी तो प्रश्न विचारलाच. "समधीजी, वह चीनी वाला?"

सगळे अंधाऱ्या कोठीच्या खोलीत शिरले. व्याही, विहीणबाई, आठदहा बायका, सुनीतीबाई, दिवा परत घ्यायच्या निमित्ताने आलेले उल्हासराव. दार लागलं. दिवा लागला आणि बरणीतलं पाणी हिरवट निळं झालं. बायकांनी "अगंबाई!" केलं. अंधारात हिमानीचा आवाज आला, "बाबांनी बनवलं. घरच्या घरी."

पंतजी म्हणाले, "वाह, समधीजी! आपने तो कर दिखाया!"

ढुंढिराजांनी आता फक्त गप्प बसायचं होतं. अंधार होता, चेहरा कुणाला दिसत नव्हता, शब्द पाळला गेला होता आणि सुनेने स्वतःहून झाकून घेतलं होतं. पाचसहा सेकंद ते गप्प बसलेही. ते सेकंद त्यांना बरे वाटले नाहीत.

"नाही," ते म्हणाले. "मैंने तो साबुन चमकाया था, पंतजी. दागिनेही मीच विरघळवले. मला यातलं काही येत नव्हतं, त्या दिवशी पंगतीत थाप मारली होती. हे हिनं केलं. ही रोज हेच करते, आणि फार चांगलं करते."

पंतजींनी उल्हासरावांच्या हातातून दिवा घेतला आणि खूप वेळ बरणीवर धरून ठेवला. "चार साल से यही कर रही थी तू?" ते हळूच म्हणाले. "बताया क्यों नहीं, बेटा?"

"बताती थी, पापा," हिमानी म्हणाली. "आप फोन मम्मी को पकड़ा देते थे."

पंतजींनी दिवा जरा जवळ नेला आणि मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

मग बायकांतून कुणीतरी विचारलं, "मग मास्तर, तुम्ही काय केलंत?"

"मी भांडी घासली," ढुंढिराज म्हणाले. "सात वेळा."

खोलीतली हवाच बदलली. बरणीकडे बघायचं सगळ्याजणी विसरल्या. "यांनी? भांडी?" "मोरीवर बसून?" "सात वेळा?" विहीणबाईंना हिंदीत भाषांतर करून सांगितलं गेलं आणि त्यांनीही पंतजींकडे वळून पाहिलं. उल्हासराव दिवा न घेताच दाराकडे सरकले.

अंधारातून सुनीतीबाईंचा आवाज आला. भोगीनंतर पहिल्यांदाच त्यात रुसवा नव्हता.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "हा प्रयोग रोज नाही का करता येणार?"